गोळीवर पाणी नको

४ ऑक्टोबर, सोमवार

दादा,

ठमीला सर्दी झाली आहे. घाबरू नकोस, आधी पत्र पूर्ण वाच.

गुरुवारपासून शिंकत होती. शनिवारी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. ताप आहे आणि छातीत थोडं भरलं आहे. अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी, असं चौदा दिवस. दवाखाना आमच्या इमारतीसमोरच आहे, त्यामुळे नेण्या-आणण्याचा प्रश्न नाही. प्रश्न गोळीचा आहे.

तुझ्या त्या बोगद्याच्या छावणीत फोन लागत असता तर हे दोन मिनिटांत विचारून झालं असतं. आता हे पत्र उद्या मंगळवारच्या गाडीने वर येणार, तुझं उत्तर शुक्रवारच्या गाडीने खाली येणार, आणि तोवर आम्ही दोघी एकमेकींकडे संशयाने बघत बसणार.

शनिवारी गोळी माशाच्या तुकड्यात लपवली. मासा खाल्ला आणि गोळी चाटूनपुसून ताटलीत ठेवली. रविवारी सकाळी कुटून माशाच्या पाण्यात कालवली. एक घोट घेतला न घेतला तोच तोंडातून फेस लोंबायला लागला, साबणाचा असावा तसा. मला वाटलं, मी हिला विष घातलं. तशीच उचलून रस्त्यापलीकडे पळाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी कडू आहे, कडू लागलं की मांजरं असा फेस काढतात. आणि ही गोळी कुटायची नसते. त्यांनी तोंड उघडून कशी घालायची ते दाखवलं, पण त्यांचा हात इतका भरभर चालतो की बघेपर्यंत ठमी टेबलावरून उतरलीसुद्धा होती. मग रविवारी संध्याकाळी आणि आज सकाळी मी तसंच केलं. गिळली असं वाटलं. आता केर काढताना कपाटाखालून दोन अर्ध्या गोळ्या निघाल्या, केसांत गुंडाळलेल्या. म्हणजे तीन दिवसांत औषध पोटात गेलं असेल तर तो एक घोट.

माझ्या उजव्या अंगठ्याला दोन भोकं आहेत. इंजेक्शन घेतलं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलींनी विचारलं तेव्हा काच लागली म्हणून सांगितलं. खोटं का सांगितलं, मला ठाऊक नाही. मांजर चावली यात लाजण्यासारखं काय आहे?

माझ्याकडे सोडून जाईपर्यंत चार वर्षं तू तिला एकट्याने सांभाळली आहेस. तू गोळी कशी देतोस ते लिही. काही गाळू नकोस.

तुझी धाकटी


७ ऑक्टोबर

चिटणीसबाई,

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची म्हणून उंदरांची सभा भरली होती म्हणतात. घंटा सोपी. त्यांना म्हणावं, गोळी घालून दाखवा.

पहिली चूक, तू समोर बसलीस. समोर बसतो तो शत्रू. मागे बस. जमिनीवर गुडघे टेक आणि तिला दोन मांड्यांच्या मध्ये घे, तिचं तोंड बाहेर. नखं मारत असेल तर टॉवेलात गुंडाळ, फक्त डोकं बाहेर ठेव. डाव्या हाताने डोकं वरून धर, अंगठा एका गालफडाच्या हाडावर, बोटं दुसऱ्यावर. कवटी धरायची, गळा नाही. नाक आढ्याकडे गेलं की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. मग उजव्या हातात गोळी, मधल्या बोटाने पुढचे खालचे दात दाब, आणि जिभेचा उंचवटा आहे ना, त्याच्या पलीकडे टाक. अलीकडे पडली तर कपाटाखाली जाणार. तोंड मीट, नाक खाली आण, गळ्यावरून बोट फिरव. जिभेने नाक चाटलं की गेली. तिच्याशी बोलत राहा. तुला बोलायला काय, विषय संपत नाहीत.

आणि एक. वरून पाणी घालायचं नाही. काही झालं तरी गोळीवर पाणी नको. हे लक्षात ठेव.

इथे पाऊणशे दिव्यांची माळ ओढून झाली. आचारी नवीन आहे, त्याचा चहा प्याल्यावर ठमीच्या गोळीची चव कशी असेल ते कळतं.

दादा


११ ऑक्टोबर, सोमवार

दादा,

जमलं.

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं आणि संध्याकाळी साडेसहाला मी ते समोर उघडं ठेवून, वर इस्त्री ठेवून, जमिनीवर बसले. पहिल्या वेळी चाळीस सेकंद लागले, दुसऱ्या वेळी पंचवीस. आज सकाळी सोळा. तिने नाक चाटलं तेव्हा मी हसले, आणि तिने वळून असं पाहिलं की हसणं मला शोभलं नाही. तोंडात मागे राहिली नाही ना म्हणून बॅटरीने बघतेसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चौदा दिवस परवाच्या शनिवारपासून मोजा. शिंका अर्ध्यावर आल्या आहेत.

एक शंका आहे. गोळ्या वाया गेल्याचं सांगायला गेले तेव्हा दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला. त्यावर लिहिलं आहे की प्रत्येक गोळीनंतर बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने पाच मिली पाणी द्यावं. तू लिहितोस, काही झालं तरी नको. मी तुझं ऐकलं, कारण कागद सगळ्या मांजरांसाठी आहे आणि तू ठमीला ओळखतोस. पण तू कारण लिहिलं नाहीस. एवढं सविस्तर पत्र, मधल्या बोटाचंसुद्धा काम लिहिलंस, आणि यालाच कारण नाही. तिला पाण्याने काही झालं होतं का?

रस्ता ओलांडून डॉक्टरीणबाईंनाच विचारावं असं दोनदा मनात आलं. मग वाटलं, तुझ्या पाठीमागे तुझ्या सांगण्याची शहानिशा केल्यासारखं होईल. म्हणून तुलाच विचारते.

तुझी धाकटी


१४ ऑक्टोबर

चिटणीसबाई,

सोळा सेकंद. आता सर्कशीत जा.

पाण्याचं कारण विचारू नकोस. मी सांगतोय ना. दवाखानेवाले दहा गोष्टी छापतात, त्यातल्या निम्म्या स्वतः करत नाहीत. मला कागद शिकवू नकोस.

बोगद्यात पाणी लागलंय, पंप रात्रंदिवस चालू आहेत, त्यामुळे मी पण. मोठं पत्र पुढल्या वेळी.

दादा


१८ ऑक्टोबर, सोमवार

दादा,

तुझं पत्र मिळालं. पंपांची काळजी घे, आणि स्वतःचीही. इथे सर्व ठीक. ठमीच्या शिंका पूर्ण थांबल्या आहेत. ताप नाही. महाविद्यालयात परीक्षा सुरू होत आहेत, त्यामुळे गडबड आहे. आणखी विशेष काही नाही.

तुझी धाकटी


२१ ऑक्टोबर

काय झालंय?

तू दूधवाल्याला चिठ्ठी लिहितेस ती बारा ओळींची असते. हे पत्र मी दोनदा उलटं करून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून. ठमीने किती सेकंदांत गोळी घेतली ते नाही, नाक चाटलं का ते नाही, तुला काय वाटलं आणि तसं वाटायला नको होतं का, तेही नाही. 'आणखी विशेष काही नाही' हे वाक्य तू आयुष्यात कधी लिहिलेलं नाहीस.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मेली असेल तर मेली म्हणून लिही. मी पन्नास वर्षांचा आहे, रडत बसणार नाही. पण मला असं ठेवू नकोस.

दादा


२४ ऑक्टोबर, रविवार

दादा,

मेलेली नाही. ती खिडकीशी बसली आहे आणि मी तिच्याकडे बघत हे लिहिते आहे. पण तुझं बरोबर आहे, मी लपवलं. आता सगळं सांगते, आणि हे वाचून झाल्यावर मला एका प्रश्नाचं उत्तर दे.

शुक्रवारी, पंधरा तारखेला, तिने सकाळचं खाल्लं आणि दोन मिनिटांत जसंच्या तसं बाहेर टाकलं. उलटी होताना पोट ढवळतं तसं नाही. नुसती मान पुढे ताणली आणि खाल्लेलं लांबट वळकटीसारखं बाहेर पडलं. मला वाटलं, केसांचा गोळा असेल. शनिवारी पुन्हा तेच. भूक होती, ताटलीकडे धावत यायची, एक घास घ्यायची, मान लांब करायची, गिळताना डोळे मिटायची आणि मग ताटलीपासून दूर जाऊन बसायची. रविवारी लाळ गळायला लागली. सोमवारी मी तुला ते सहा ओळींचं पत्र लिहिलं. शिंका थांबल्या होत्या, ताप नव्हता. एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं न बोलता खोटं कसं लिहावं, ते मला त्या दिवशी कळलं.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे नेलं, बुधवारी त्यांनी भूल देऊन घशातून दुर्बीण घातली. अन्ननलिकेत, छातीच्या थोडं वर, आतून भाजल्यासारखी जखम आहे. त्यांनी समजावून सांगितलं: मांजराने गोळी गिळली असं दिसतं, नाकही चाटतं, पण कोरडी गोळी पुष्कळदा निम्म्या वाटेत चिकटून बसते. तिथेच विरघळते. ही गोळी विशेष जहाल आहे, जिथे बसते तिथे भाजते. त्या भाजल्या जागेचा व्रण आवळत गेला आणि आता वाट पेन्सिलीपेक्षाही बारीक झाली आहे. त्यांनी आत छोटा फुगा फुगवून ती रुंद केली. तीन नोव्हेंबरला पुन्हा करतील. कदाचित तिसऱ्यांदाही. वाट पुन्हा पुन्हा आवळत राहिली तर मग फारसं काही उरत नाही, असं त्या म्हणाल्या. वजन चार किलो शंभर ग्रॅम होतं, तीन दोनशे झालं आहे.

मग त्यांनी विचारलं, "गोळीवर पाणी देत होता ना?"

मी म्हटलं, नाही.

"कागदावर लिहिलं होतं."

मी म्हटलं, विसरले.

दादा, मी विसरले नव्हते. कागद स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवलेला आहे, मी रोज दोनदा वाचत होते. तुझं नाव त्यांच्यापुढे घ्यायचं नव्हतं म्हणून 'विसरले' म्हटलं. पण खरं तर त्याहून वाईट आहे. समोरच्या दवाखान्यात एका मिनिटात विचारता येण्यासारखं मी चार दिवसांच्या टपालाने तुला विचारलं, तू कारण दिलं नाहीस, आणि मी गप्प बसले. पाणी नको हे तू सांगितलंस, पण गोळी माझ्या हातांनी घातली आहे. वीस तारखेला, फुगा घालून आणल्यावर, मी तुझ्यावर फार रागावले होते. आता तो राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

आता प्रश्न. तिच्या सगळ्या गोळ्या बंद आहेत. पातळ औषध आणि पातळ केलेलं खाणं सिरिंजने द्यायचं, दिवसातून चार वेळा. आत्तापर्यंत मी तिला उचलून दवाखान्यात नेते आणि तिथे देतात, कारण दोनदा मी सिरिंज हातात घेतली आणि दोन्ही वेळा हात थांबला. 'काही झालं तरी नको' हे तुझ्या आवाजात ऐकू येतं. डॉक्टरीणबाई येत्या शनिवार-रविवारी परगावी जाणार आहेत, दवाखाना बंद. ते दोन दिवस मलाच द्यावं लागेल, नाही तर ती उपाशी राहील, आणि तेवढी चरबी तिच्या अंगावर आता नाही.

तुझं उत्तर शुक्रवारच्या गाडीने निघालं तर शनिवारी दुपारी मला मिळेल. पहिलं औषध शनिवारी सकाळी सातला द्यायचं आहे. तरीही विचारते.

पाणी का नको?

तुझी धाकटी


२८ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र मंगळवारी आलं. आज गुरुवार. दोन दिवस कागद समोर ठेवून बसलो.

ठमीला पाण्याने कधीच काही झालेलं नाही. चार वर्षांत मी तिला एकूण सहा गोळ्या दिल्या असतील, जंताच्या, त्या कोरड्या गेल्या आणि काही झालं नाही. नशीब. मी त्याला अनुभव समजत होतो.

पाण्याने आईला झालं.

अर्धांगाचा झटका आल्यावर आपण तिला इस्पितळातून घरी आणलं त्याच दुपारी तू नव्या नोकरीवर निघालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गोळी दिली. ती तिच्या चांगल्या हाताने पेल्याकडे खूण करत होती. मी तिचं डोकं कोपरावर घेतलं, लहान मुलाला घेतात तसं, मान मागे केली आणि पेला लावला. मी ओतलं गं. तिला दम खाऊ दिला नाही. तिला ठसका लागला, तोही धड नाही, नुसता घुर्र आवाज. ओठ निळे पडले. मग परत श्वास आला. मी हसलो. म्हटलं, 'आई, घाबरवलंस की.' तीही तोंडाच्या एका बाजूने हसली. संध्याकाळी ताप. पाचव्या दिवशी गेली.

तुला फोनवर मी 'न्यूमोनिया' म्हटलं. ते खोटं नाही. इस्पितळाच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, पाणी फुप्फुसात गेलेलं दिसतंय, कोणी पाजलं? मी म्हटलं, ठाऊक नाही.

एकोणीस वर्षं झाली. मी कुणाला पाणी पाजत नाही. इथे एकजण शिडीवरून पडला तेव्हा सगळे म्हणाले पाणी दे, मी बाटली दुसऱ्याच्या हातात दिली. तू ठमीच्या गोळीचं विचारलंस तेव्हा लिहिता लिहिता हात आपोआप ते वाक्य लिहून गेला, आणि तू कारण विचारलंस तेव्हा मी तुलाच दटावलं.

तिला पाणी दे. औषध दे. डॉक्टरीणबाई सांगतील तसं दे, माझं ऐकू नकोस. हे तुला शनिवारी दुपारी मिळेल. तोवर तू काय केलं असशील याचा विचार करत मी इथे बसलोय.

दादा


३१ ऑक्टोबर, रविवार

दादा,

आधी ठमीचं. काल सकाळी सातला मी औषध दिलं. तुझं पत्र पोहोचायला पाच तास होते आणि मी ठरवलं की थांबायचं नाही.

तिला कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवलं, खाली जाड टॉवेल, म्हणजे पाय घसरत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडून पाच वेळा पाहून घेतलं होतं आणि त्यांच्या टेबलाशी उभी राहून लिहून घेतलं होतं. मान वर करायची नाही. गोळीला नाक आढ्याकडे, पातळ औषधाला नाही. डोकं जसं ताटलीवर असतं तसंच. सिरिंज समोरून नाही, कडेने, सुळ्याच्या मागे जी फट असते तिथून, टोक दुसऱ्या गालाकडे, घशाकडे नाही. अर्धा मिली. मग थांबायचं, जीभ हलेपर्यंत, गिळेपर्यंत. मग पुढचा अर्धा.

पहिला अर्धा मिली हनुवटीवरून खाली गेला. दुसरा आत गेला, आणि ती खोकली. एकदाच. दादा, मी सिरिंज सिंकमध्ये फेकली आणि तिला जमिनीवर ठेवून तिचं पोट वरखाली होतं का ते बघत बसले. तिने अंग झटकलं आणि रिकामी ताटली हुंगायला गेली. भूक लागली होती तिला.

मग मी सिरिंज धुतली. धुताना तिच्यावरच्या रेघा दिसल्या आणि मला वाटलं, गेली एकोणीस वर्षं मी दुसरं करते काय? प्रयोगशाळेत ब्युरेटच्या नळीची तोटी धरून एकेक थेंब सोडायचा, थांबायचं, रंग बदलला का बघायचं, मग पुढचा. मुलींना मी हेच ओरडत असते की घाई केलीत तर सगळं वाया. पुन्हा उभी राहिले. रंगाऐवजी जिभेकडे बघितलं. पाच मिलीला अकरा मिनिटं लागली. पुन्हा खोकली नाही. दहाला, दोनला, सहाला खाणंही तसंच दिलं. आज सकाळी नऊ मिनिटं.

आता तुझं पत्र.

ते मी काल दुपारी साडेबाराला, जिन्यातच उभी राहून वाचलं. संध्याकाळी उत्तर लिहायला घेतलं आणि तीन ओळी लिहिल्या: तुझा दोष नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. मग तो कागद फाडला. कारण 'तुला कुणी सांगितलंच नव्हतं' हे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आईला घरी सोडायच्या दिवशी तू गाडी आणायला खाली गेला होतास. मी तिचे कपडे पिशवीत भरत होते. वॉर्डाच्या दारात एक परिचारिका मला म्हणाली, "यांचं गिळणं गेलंय. नुसतं पाणी द्यायचं नाही, घट्ट करून चमच्याने द्यायचं. बसवून, मान सरळ, हनुवटी जराशी खाली. घरच्यांना सांगा." मी हो म्हटलं. घरी आल्यावर गोळ्यांच्या वेळा एका कागदावर लिहिल्या आणि तुझ्या कपाटावर चिकटवल्या. हे वाक्य त्या कागदावर नव्हतं. तोंडी सांगायचं ठरवलं होतं. मग माझी बस, माझी बॅग, माझी ती पहिली नोकरी.

बसमध्ये तासाभराने आठवलं. उतरल्यावर फोनच्या दुकानातून शेजाऱ्यांकडे फोन लावला, तो लागला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचा होता. दुसऱ्या दिवशी हजर होण्याचे कागद, राहण्याची जागा, आणि मी मनाला सांगितलं की तुलाही कुणीतरी सांगितलं असेलच. तुझा फोन आला तेव्हा तू 'न्यूमोनिया' म्हणालास, आणि मी कसा झाला ते विचारलं नाही. एकदाही विचारलं नाही, दादा. तू मला चिटणीस म्हणतोस, सगळं लिहून ठेवते म्हणून. मी सगळं लिहायला लागले ते त्या वर्षापासून. पण हे त्या वह्यांमध्येही कुठे नाही.

हे न लिहिता तुझं सांत्वन करणं सोपं होतं, आणि तू ते मानलंही असतंस. लिहिल्याने तुझं ओझं कमी होईल की वाढेल, मला सांगता येत नाही. कदाचित मी ते फक्त माझ्यासाठी लिहिलं असेल. तसं असेल तर तेही मला कबूल आहे.

तुझी धाकटी


८ नोव्हेंबर, सोमवार

दादा,

शुक्रवारच्या गाडीने तुझं पत्र आलं नाही. टपाल वाटणाऱ्या बाईंना दोनदा विचारलं; छावणीची पिशवी आली होती, त्यात माझं काही नव्हतं.

तीन तारखेला दुसरा फुगा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट पुन्हा आवळली होती, पण पहिल्याइतकी नाही. तिसरा सतरा तारखेला, आणि त्यानंतर टिकते की नाही ते कळेल. वजन तीन तीनशे. पातळ खाणं आता स्वतःहून चाटते, ताटली ठोकळ्यावर उंच ठेवावी लागते. औषध मात्र सिरिंजनेच. सात मिनिटं.

तुला लिहायचं नसेल तर नको लिहूस. ठमीचं मी कळवत राहीन.

तुझी धाकटी


११ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र वाचलं त्या दिवसापासून मी बोगद्यात दोन माणसांचं काम केलं. मुकादमाने विचारलं, अंगात काय शिरलंय.

रागावलोय. तू विचारत नाहीस, म्हणून सांगतो. एकोणीस वर्षं मी जे एकट्याने वाहिलं त्यातलं निम्मं तुझं होतं आणि तू समोर बसून चहा पीत होतीस. दर वर्षी यायचीस, माझ्या घरी चार दिवस राहायचीस, माझ्या मांजराला खाजवायचीस. शुक्रवारच्या गाडीने एक पत्र टाकणार होतो. ते टाकलं नाही हे बरं झालं.

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. शेवटचं पान नाही, पहिलं. ठमी खोकली आणि तू सिरिंज फेकलीस तिथपर्यंत वाचलं आणि थांबलो. तिथून पुढे मी कधीच गेलो नाही. मी पेला ठेवला तो ठेवलाच. तू धुऊन परत उभी राहिलीस. ते अकरा मिनिटांचं मी तीन-चारदा वाचलं.

मला रजा मिळाली आहे, मंगळवारपासून आठ दिवस. सतराला फुग्याच्या वेळी मी असेन. राग घेऊनच येतोय, तो काही गाडीत विसरणार नाही. तुझ्याशी बोलेन की नाही, आत्ता सांगत नाही. पण ठमीचं संध्याकाळचं औषध मी देणार.

म्हणून आता लिही. मान सरळ म्हणजे किती सरळ. हनुवटी कुठे, माझा डावा हात कुठे. जीभ हलली की गिळलं, की आणखी थांबायचं. खोकली तर काय करायचं, आणि पुन्हा सुरू कधी करायचं. ठळक लिही, चित्र काढ. जे तोंडी सांगायचं ठरवशील तेही लिही.

मंगळवारच्या गाडीत टाक. ती गाडी वर येते आणि त्याच दिवशी मला घेऊन खाली जाते. पिशवी मी दारातच उघडून घेईन. खाली यायला सहा तास लागतात, तेवढ्यात पाठ होईल.

दादा